एकमेव वारस

डिंभे, ता. ४ फेब्रुवारी २०२४

चि. रुपेश यास जानकाताईचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला नेमक्या वेळी माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. परवा घोडेगावच्या बाजारात शेंगदाणे घेतले. पुडी सोडली तर आतून तूच निघालास. जाहीर नोटीस! डिंगोऱ्याच्या कालकथित भागुजींचा रुपेश हा एकमेव वारस. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मग आबांची मी लेक नाही तर कोण रे? परवापासून घास गोड लागत नाही. पुण्याचा हा पेपर डिंभ्यात येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

थोडी माया उरली असेल तर लगेच उत्तर दे.
तुझी ताई

डिंगोरे, ता. ८

आदरणीय ताईस सप्रेम जयभीम.

तू राईचा पर्वत करतेस. शेत विकायचं नाही, पॉलीहाऊसच्या अनुदानाला कागद हवेत. हक्कसोड देते, असं तूच म्हणाली होतीस. मग तुझं नाव घालून पुन्हा काढायचं कशाला, असं वकील म्हणाले आणि मला पटलं. तसंही तो पेपर वाचतंय कोण? भाऊजींच्या कानावर घालू नकोस.

राग सोड, लोभ ठेव.
रुपेश

डिंभे, ता. १२

चि. रुपेश यास आशीर्वाद.

कुणी वाचत नाही, म्हणूनच तिथं छापलंस ना? जाहीर म्हणजे चारचौघांत. माझी हरकत वकिलाकडे रजिस्टरने गेली आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग, भागुजींना दोन लेकरं आहेत. पेपरातही दुरुस्ती छाप. मग मी मुकाट सही करते. तोवर तुझ्या घरचं पाणी घ्यायची नाही.

पोरांना माझे मुके.
ताई

डिंगोरे, ता. २१

आदरणीय ताईस जयभीम.

रविवारी उभा राहिलो. सगळ्यांसमोर सांगितलं. मग पुढे बसलेली म्हातारी अंबाबाई म्हणाली, आमाला ठावं व्हतं, तुलाच ठावं नव्हतं व्हय? सगळे हसले. मला मान वर करवली नाही. अख्ख्या गावाला माहीत असलेलं मी खोटं छापलं, ताई. लाज वाटली.

दुरुस्तीचं कात्रण सोबत आहे. आधी तुझं नाव, मग माझं. पुढच्या सोमवारी हक्कसोडीला जुन्नरला ये. एसटीचा भरवसा नाही, पण मी सकाळपासून स्टँडवर थांबतो.

चुकलो, पण परकं करू नकोस.
रुपेश

डिंभे, ता. २४

चि. रुपेश यास अनेक आशीर्वाद.

कात्रण मिळालं. जानकाबाई भागुजी. लग्नानंतर माझ्या नावापुढे आबांचं नाव मी कुठं पाहिलंच नव्हतं. शेजारच्या झुंबरबाईला दाखवलं, दुकानात दाखवलं, तुझ्या भाऊजींना दोनदा वाचून दाखवलं. मग जुन्नरला यायची पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

रुपेश, हक्कसोडीवर सही होत नाही. मला शेत कसायचं नाही. कांदा तूच काढ, पॉलीहाऊसही उभं कर. त्या कागदांवर तुझ्याशेजारी मीही सही करीन. पण सातबाऱ्यावर येणारं माझं नाव मी आपल्या हाताने काढणार नाही. तुला दिलेला शब्द मोडते आहे, हे मला कळतं. तरी सोमवारी स्टँडवर थांबू नकोस. मी येत नाही.

रागावलास तरी बहीण म्हणत राहा.
तुझी ताई