कोठीतल्या बुवाचा पाहुणचार

बीबी, ता. लोणार
२८ मे

सौ. सत्यभामाबाई विहीणबाईंना,

बीबीहून भगवंतरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपले गुडघे आता जिना चढू देतात ना? व्याह्यांची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो (नसली तरी ते सांगणार नाहीत, त्या बाबतीत आम्ही दोघे सारखेच). इकडे ऊन सोडलं तर सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण फोन आपण स्पीकरवर ठेवता आणि मग प्रतीक्षा, ऋत्विक आणि पुण्याचा कुकर असे तिघेही मधे बोलतात. हा विषय फक्त तुमच्या-माझ्यातला आहे.

विषय आपल्या छकुलीचा. दोन वर्षं नात आमच्याजवळ वाढली, आता दहा जूनला ऋत्विक आणि सूनबाई प्रतीक्षा तिला पुण्याच्या शाळेसाठी न्यायला येणार, हे ठरलेलंच आहे. अडचण एकच होती. आतल्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी आहे आणि तिच्यात बुवा राहतो असं पोरीचं म्हणणं. त्या खोलीत ती पाऊल टाकत नव्हती, आणि पुण्यात तर तिला झोपायला वेगळी खोली केली आहे म्हणतात. म्हणून तुम्ही ती चित्रांची तीन पुस्तकं पाठवलीत आणि भीती घालवून मगच पोरीला पाठवा असं बजावलंत. त्याचाच हा अहवाल. (तुम्ही तीस वर्षं बालवाडी चालवलेली, तेव्हा लाल शाई जरा जपून वापरा.)

पहिल्या पुस्तकातला मुलगा पलंगाखालच्या बुवाला घाबरतो, धीर करून टॉर्च मारतो, तर तिथे त्याचाच जुना सदरा निघतो. पुस्तक छान आहे, पण आमच्या घरी पलंग कुठे आहे? आम्ही खाली गाद्या टाकून झोपणारी माणसं. छकुलीने गादी उचलून पाहिली, खाली फरशी. मग ती विचारात पडली की ज्यांच्याकडे पलंगच नाही त्यांच्या बुवाने राहायचं कुठे, आणि उत्तरही तिनेच काढलं, की म्हणूनच आपला बिचारा कोठीत राहतो. म्हणजे बुवा घराबाहेर जायच्या ऐवजी त्याचा पत्ता पक्का झाला. तरी पुस्तकाबरहुकूम कोठीचं झाकण उघडून टॉर्च मारला. आत तूर. छकुलीने विचारलं, बुवा तुरीच्या खाली बसला असेल तर? उपसून दाखवावं, तर तूर गळ्यापर्यंत भरलेली आहे.

दुसरं पुस्तक सांगतं की भीतीचं चित्र काढा, म्हणजे ती लहान होते. काढलं. बुवाला पांढऱ्या मिशा, नाकावर चष्मा, डोक्यावर टोपी आणि कानात केस. ऋत्विकची आई एकदा चित्राकडे पाहायची, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावायची. मी छकुलीला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, बुवा. पुढे मी जास्त चौकशी केली नाही.

खरा घोळ तिसऱ्या पुस्तकाने केला. त्यातली मुलगी बुवाला चहाला बोलावते आणि दोघांची दोस्ती होते. आता पुण्यात चहाला बोलावलं म्हणजे चहाच देतात, हे मी लग्नाच्या बैठकीला आलो तेव्हा पाहिलेलं आहे (राग नसावा). आमच्याकडे पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याची नुसत्या चहावर बोळवण करत नाहीत. शिवाय पुस्तकासोबतच्या चिठ्ठीत तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं, की मूल सांगेल ते मोठ्यांनी मनापासून करावं, हसू नये. छकुलीने सांगितलं की पाहुण्याला जेवण पाहिजे आणि टॉवेल-टोपी पाहिजे. झालं. रविवारी आमरस आणि कुरडया झाल्या. कोठीपुढे पाट मांडला, ताट वाढलं, नारळ ठेवला, कोठीला कुंकू लावलं, वर नवी कोरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल (कोठीचा खांदा नेमका कुठे, हे ठरवण्यात थोडा वेळ गेला). आणि मी, वय वर्षं अडुसष्ट, दोन वेळचा ग्रामपंचायत सदस्य, कोठीला म्हणत होतो की घ्या पाहुणे, संकोच करू नका.

नेमके तेव्हाच शेजारचे पुंजाजी विळा मागायला आत आले. त्यांनी पाहिलं, कोठीला हात जोडले आणि विळा न घेताच परत गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोन बाया नारळ घेऊन दर्शनाला हजर. छकुलीने त्यांना सांगितलं की तो जेवून झोपला, उद्या या. तर त्या खरंच दुसऱ्या दिवशी आल्या.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? पहिलं पुस्तक म्हणतं बुवा नाहीच, दुसरं म्हणतं आहे पण छोटा आहे, तिसरं म्हणतं आहे आणि स्वभावाने चांगला आहे. तीन साक्षीदार आणि तीन जबान्या. मी तर इतका गोंधळलोय की हल्ली कोठीजवळून जाताना माझा मीच खाकरतो. परवा दुपारी कोठी ठण्णकन वाजली. छकुली तिला टेकून कोय चोखत बसली होती. मान वर न करता कोठीलाच म्हणाली, "येऊन राह्यली ना, थांब." प्रकरण इथपर्यंत आलं आहे.

तेव्हा माझं नम्र मत असं की भीती अजून गेलेली नाही, तिने फक्त रूप बदललंय. अशा अवस्थेत पोरीला परक्या जागी नेणं धोक्याचं. तिला दिवाळीपर्यंत इथेच राहू द्यावं, शाळा काय कुठे पळून जात नाही. आपण अनुभवी आहात, आपला शब्द प्रतीक्षा मोडणार नाही.

आपला,
भगवंतराव

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत ऋत्विकच्या आईने पत्र वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "पोरीचं भेव कवाच गेलं. तुमचं लिहा." म्हणून ही दुरुस्ती. छकुली आठ दिवसांपासून त्या खोलीत एकटी जाते, वाटीने तूर काढून आजीला आणून देते, आणि उन्हाने पत्रा तापला की वाजतो, हे दर्शनाला आलेल्या बायांना शेवटी तिनेच समजावलं. दिवाळीचं जे वर लिहिलंय ते खोडलं असं समजा. दहा जूनला पोरगी तयार असेल. पिशवी तिने आत्ताच भरून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. पिशवीत पुस्तकं दोनच आहेत. चहाचं तिसरं तिने कोठीवर ठेवलंय, टोपीच्या खाली. हे काऊन राह्यलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी गेल्यावर तुले भेव लागलं आबा, तं त्याले चहाले बोलाव." मी म्हटलं, मला कशाचं भेव? तिने नुसती टोपी सरळ केली. विहीणबाई, दहा तारखेनंतर दुपारी या घरात कोठीशिवाय कोणाचाच आवाज असणार नाही. ते तिसरं पुस्तक तेवढं परत मागू नका.