कळशी टेकवायची नाही

मुळशी,
रविवार, २४ मे १९५९

ती. आक्का,

पायांवर डोकं ठेवतो. तुझं पत्र पोचलं. दाजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे शाळेला सुट्टी लागली आहे. करवंदं यंदा उशिरा पिकली. भिकूबरोबर पाठवलेला लाडवांचा डबा मिळाला, त्याबद्दल पुढे लिहितो.

धरणाचं पाणी यंदा फार उतरलं. बुडालेल्या जुन्या गावातला भैरोबा परवा उघडा पडला आणि काल त्याला कळशी गेली. मी नेली, आक्का.

आपल्या घराचा मान तू लहानपणापासून ऐकत आलीस. नव्या गावच्या विहिरीची पहिली कळशी खांद्यावर घ्यायची, अनवाणी उतरायचं आणि देवावर ओतेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. वाटेत बसायचंही नाही. हैबतकाका माघात गेल्यावर हे माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी मी खाली कसा गेलो ते तुला कळवलं नव्हतं. डोलीतून गेलो. परतीच्या चढावर चौघे जण धापा टाकत होते. कोंडाजी म्हणाला, "मास्तर, काकांच्या मागं कळशी कोन नेनार? डोलीत बसून न्यायची रीत न्हाई आपल्यात." सगळे हसले, मीही हसलो. काका तेवढे हसले नाहीत. "जयसिंग नेईल," म्हणाले, "न्हाईतर मान कोंडाजीच्या घरी जाऊ द्या."

पुण्याच्या डॉक्टरांनी तर त्याआधीच बजावलं होतं, की हा अंगाचा भार उतरवला नाही तर हृदय फार दिवस साथ देणार नाही. मग मी काय करावं? श्रावणात नुसत्या ताकावर राहिलो आणि उपास सोडताना पुरणपोळीवर असा तुटून पडलो, की रंभाने पुढचं ताट उचलून नेलं. त्या दुपारी स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं काही उतरत नाही हेही कळलं. शेवटी ठरवलं, जे मरेपर्यंत रोज करता येईल तेवढंच करायचं. आंघोळीचं पाणी विहिरीवरून आपलं आपण आणायचं. दिवेलागणीआधी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन उठायचं. भात दुसऱ्यांदा मागायचा नाही.

सुरुवातीला रंभा कळशीत डोकावून म्हणायची, "आवं, निम्मी रस्त्यालाच पाजली जनू." दिवाळीत घसरलो, भरपूर घसरलो. तरी दुसऱ्या सकाळी पाय विहिरीकडे वळले. मी वळवले असं म्हणवत नाही. ते आपणहून वळले, आणि याचं मला अजून नवल वाटतं.

काल गाळाच्या उतारावर दम लागला. छाती इतकी धडधडली, की डॉक्टरांचे शब्द आठवले. मागून कोंडाजी आला. आता काहीतरी टोचून बोलेल असं वाटलं. तो हळूच म्हणाला, "उबं ऱ्हावा मास्तर, घाई न्हाई. पन ठिवू नका." मी उभा राहिलो. तोही उभा राहिला. मग श्वास आपोआप जागेवर आला. बोलावणाऱ्याची वाट पाहत तो कुठे जवळच बसला असावा, तसा आला.

भैरोबावर पाणी ओतलं तेव्हा गाळाखालून गेल्या सालचा शेंदूर निघाला. वर्षभर धरणाखाली राहून तसाच लाल. कोंडाजीने डोक्यावरचं मुंडासं काढलं.

नंतर मी एकटाच आपल्या जुन्या घराच्या जोत्याकडे गेलो. पायरी गाळात बुडाली होती, ती उपरण्याने पुसली. तू विळ्याच्या टोकाने कोरलेला वाघ-बकरीच्या खेळाचा पट निघाला. एकही रेघ गेलेली नाही. किती वेळ बसलो होतो, माहीत नाही.

आता जे इतका वेळ टाळतो आहे ते. तू लिहिलंस, "मला ओसरीच्या पायऱ्या उतरवत नाहीत. भैरोबाला इथूनच नमस्कार." दाजींच्या खोकल्याबद्दल एक पान आणि स्वतःबद्दल एवढंच. तुझा भार माझ्यासारखाच आहे, आक्का. आईचाही होता. तिला कुणी काही म्हटलं नाही, उलट ताट भरून वाढत राहिलो. तुला उपदेश केल्यासारखं होईल म्हणून हे पत्र दोनदा फाडलं. मोठ्या बहिणीला असं लिहिण्याचा मला काय अधिकार, हेही मनात येतं. तरी लिहितो.

लाडू यापुढे पाठवू नकोस. एक खाल्ला, आईच्या हातचाच वाटला. उरलेले गेल्या वर्षीच्या डोलीवाल्यांना दिले. यंदा त्यांचे खांदे मोकळे होते.

पायऱ्या सगळ्या उतरू नकोस. तुळशीला पाणी सून घालते ना, ते उद्यापासून तू घाल. त्यासाठी एकच पायरी उतरावी लागेल. तेवढीच उतर, पण रोज.

पाणी आता पुन्हा चढेल. पट आपल्या जागी राहील, हे मी डोळ्यांनी पाहून आलो आहे. वाघ मीच घेईन, बकऱ्या नेहमीसारख्या तुझ्या.

आपल्या जुन्या पायरीवर अर्धी जागा सोडून बसलेला,
तुझा धाकटा
जयसिंग