सहा महिन्यांचा अधिकार

ग्वेल्फ, ११ फेब्रुवारी

प्रिय अवंतिका,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. निदान जयदीप फोनवर तुला तसं सांगतो, आणि तो शेजारी बसलेला असला की मीही तेच सांगतो. यंदा बर्फाने उच्छाद मांडलाय. पडला की तुझा भाऊ वॉनहून तासभर गाडी चालवत येतो, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतो, आणि आल्याचा चहा पिता पिता घर विकायचा विषय काढतो. त्याच्या कॉन्डोजवळच्या रिटायरमेंट होममध्ये एक खोली रिकामी होतेय म्हणे. खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो.

आपली रविवारची सभा आठवते तुला? पोहे संपले की बशा बाजूला सारून भरायची. तीस वर्षं रोमन इतिहास शिकवलेल्या माणसाला घरात दुसरं काय सुचणार. आई आणि मी दोन कॉन्सुल, सारख्या अधिकाराचे. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याचं चालत नसे. तुम्ही दोघं ट्रिब्यून, म्हणजे जनतेची बाजू राखणारे, आणि तुमचा नकारही तितकाच पक्का. नकार द्यायचा तर आईचं लाटणं टेबलावर आपटायचं. पार दूरच्या एडमंटनच्या युनिव्हर्सिटीने मला बोलावलं तेव्हा आम्हा तिघांचे हात वर होते आणि नऊ वर्षांच्या तुझ्या हातात लाटणं. केवढ्यांदा आपटलंस गं. टेबलाला पडलेला खड्डा अजून आहे, मी त्यात बोट फिरवत बसतो. तुझ्यामुळे आपण या घरात राहिलो.

मग आई गेली आणि एकच कॉन्सुल उरला. चार महिन्यांनी मी बर्फावर घसरून खुबा मोडून घेतला. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या मीच मोठ्या ऐटीत जयदीपला म्हणालो, की संकट आलं की रोमन लोक एका माणसाला डिक्टेटर नेमायचे, सगळे अधिकार त्याच्या हाती, पण फक्त सहा महिने. तो हसला आणि त्याने अधिकारपत्राच्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. त्याला आता तीन वर्षं झाली. मुदतीची आठवण करून द्यायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तो माझ्या पायाला तेल चोळत होता.

त्याने माझ्याकडून काही हिसकावून घेतलं नाही, हे आधी सांगतो. गाडीची चावी नेताना विचारलं, "बाबा, यू ओके विथ इट?" बँकेचं विचारलं, बेसमेंटला कुलूप लावताना विचारलं, माझी पुस्तकं लायब्ररीला देतानाही विचारलं. सगळी सत्ता एकट्याच्या हाती आल्यावर ऑगस्टसने तरी रोमची सिनेट कुठे बंद केली होती. ती भरत होती, कॉन्सुल दर वर्षी होत होते, प्रत्येक गोष्ट रीतसर विचारून होत होती. फक्त उत्तर आधीच ठरलेलं असायचं. दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच, सिनेटमधल्या त्या सगळ्या शहाण्या म्हाताऱ्यांपैकी एकही कसा 'नाही' म्हणाला नाही? मी खडू खाली ठेवून सांगायचो, भित्रे होते लेकाचे. काय अक्कल पाजळायचो मी. ते थकले होते, अवंतिका. आपसांत लढून लढून जीव मेटाकुटीला आला होता, आणि कुणीतरी सगळं सांभाळत होतं. माझा औषधांचा डबा दर शनिवारी कुणीतरी भरून ठेवतं, याचं मला बरंच वाटतं, आणि त्याच वेळी मी मनातल्या मनात चरफडतो. जयदीप वाईट असता तर भांडलो तरी असतो. परवा तो आठवणीने स्कारबरोहून माझ्यासाठी ज्वारीचं पीठ घेऊन आला.

बावीस तारखेच्या रविवारी सभा आहे. टेबलाशी आम्ही दोघं, आयपॅडवर तू, आणि ठराव घर विकण्याचा. तो सगळं नीट मांडेल, जिना, बर्फ, माझा खुबा. एकही मुद्दा खोटा नसेल. मग मला विचारेल आणि माझा हात वर जाईल. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी वॉशरूमच्या आरशासमोर 'नाही' म्हणून पाहिलं आणि तिथेही जमलं नाही, फोनवर तुझ्याशीही जमणार नाही. त्या हातावर विश्वास ठेवू नकोस. माझं खरं मत या कागदावर आहे: मला इथेच राहायचंय, आणि पडलो तरी इथेच पडायचंय. लाटणं तुझ्याकडे आहे, आई गेल्यावर तूच हॅलिफॅक्सला नेलंस. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत मला बर्फातून जाता येत नाही, तेव्हा हे पत्रही जयदीपकडेच द्यावं लागेल. तो न विसरता टाकेल. तू माझ्याकडे बाराखडी गिरवायचीस तेव्हा तो हॉकीला पळायचा, त्यामुळे त्याला यातलं अक्षरही कळणार नाही. विचारलंच, तर ख्यालीखुशाली लिहिलीय म्हणून सांगेन. फक्त वेळेत पोहोचायला हवं. नाही पोहोचलं, तर तुला स्क्रीनवर माझा वर केलेला हात दिसेल आणि तू म्हणशील, बाबा तयार आहेत.

तुझाच, सभेत गप्प बसणारा,
बाबा