गुलूची प्रत

कंपाला, २३ ऑक्टोबर २००९

प्रिय लामुनू,

चौदा महिन्यांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. पाकीट फाडून फेकलं नाहीस म्हणजे निम्मं काम झालं. बातमी आधी सांगते, मग बाकीचं: निकाल लागले. अकराच्या अकरा कॉलेजांत, गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला. म्बारारात मुलींनी आवारात एवढा गलका केला, की प्राचार्यांचा फोन मी कानापासून हातभर लांब धरूनच ऐकला. हे सगळं तुझ्यामुळे झालं, आणि तुला त्यातलं जेमतेम चार वाक्यांएवढं ठाऊक आहे.

त्याआधीच्या मंगळवारी दुपारी जेवून वर येत होते, तेवढ्यात वीज कडाडली. अशी, की रस्त्यावरच्या बाया हातातल्या टोपल्या टाकून बसल्या. आमच्या गच्चीवर पडली. मशीनच्या खोलीत गेले तर जळक्या रबराचा वास, आणि दोन्ही नेम सर्व्हर गार. पहिला आणि त्याची प्रत, दोघं एकाच कपाटात, एकाच वायरीवर. तू गेल्या वर्षीच्या त्या बैठकीत नेमका हाच धोका सांगितला होतास. मी दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा मला जळालेली मशिनं नाहीत, तूच आठवलीस.

गंमत बघ, बाकी सगळं धडधाकट होतं. कॉलेजांच्या तारा नीट, निकालाचा संगणक तिकडे जिंजात ठणठणीत. पण मशीनचं नाव सांगितलं की त्याचा नंबर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आरुआतला संगणक विचारतोय, निकालाचं मशीन कुठंय? आणि उत्तर द्यायला कुणी नाही. चार हजार होऊ घातलेले शिक्षक, कितीतरी जणांच्या नेमणुका त्या गुरुवारवर टांगलेल्या, आणि बारुगाहारे सर जिन्यात उभे राहून म्हणताहेत, “केबिरुंगी, नवीन मशीन कधी येईल?” “दहा दिवस, सर.” “दहा दिवस म्हणजे कधी?” जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर ते कमी होणार होते!

मग मी तुला फोन लावला. तू “बोल” म्हणालीस. नुसतं “बोल”. मी झालं ते सांगितलं, आणि तू एका दमात म्हणालीस, “माझ्याकडे एक वाजताची प्रत आहे. त्यानंतर नावा-नंबरांच्या यादीत काही बदललंस?” मी नाही म्हणाले. “मग सगळ्यांना इकडे गुलूला वळव. दोन आठवडे उत्तरं देईल, मग शिळी समजून गप्प बसेल.” आणि फोन ठेवलास. मी कशी आहे, विचारलं नाहीस. मीही नाही.

त्या दुपारी मी गुलू सोडून बाकी दहा कॉलेजांना फोन केले. गुलूचा नंबर प्रत्येकाला तीनतीनदा वाचून दाखवला. म्बालेच्या नाम्बोझोबाईंनी मला मध्येच थांबवलं, “अगं मुली, चष्मा घरी राहिलाय. आकडे हळू सांग, मी खडूनं फळ्यावरच मोठे काढते!” आणि त्यांचंच कॉलेज सगळ्यात आधी सुरू झालं. जिंजाच्या माणसाला मात्र खात्रीच पटेना. “गुलू? नक्की गुलू? उलटं तर नाही ना सांगत, मॅडम? गुलूच कंपालाला विचारतं ना?” मी म्हणाले, “बाबा, आत्ता या देशात नीट उत्तर देणारी एकच जागा आहे, आणि ती गुलू आहे.” हे वाक्य म्हणताना मला कसं वाटलं, ते इथं लिहायला जमत नाही.

शुक्रवारी सरांनी बोलावलं. टेबलावर चपातीत गुंडाळलेलं आम्लेट तसंच, त्याला हातही लावलेला नव्हता. म्हणजे प्रकरण गंभीर. “गुलूला प्रत ठेवायची नाही असं ठरलं होतं. त्यांची परवानगी काढून टाकली, असं तू लेखी दिलं होतंस. मग ही प्रत आली कुठून?”

लामुनू, तुला वाटत असेल की मी ती परवानगी काढायला विसरले. विसरले नव्हते. “काढली” असं लिहून दिलं आणि काढली नाही. तुझं मशीन दर तासाला आमच्या मशीनला विचारायचं, यादीत काही बदललं का? मी रोज सकाळी नोंदी उघडायचे आणि आधी तेच बघायचे. आठ वाजता विचारलंय, नऊ वाजता विचारलंय. म्हणजे गुलूला लाइट आहे, लामुनू कामावर आलीय. फेब्रुवारीत तीन दिवस विचारणं बंद होतं, तेव्हा मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झालं, तर मी आपल्या पैशानं सगळ्या ऑफिसला चहा पाजला आणि कारण विचारल्यावर वाढदिवस आहे म्हणून ठोकून दिलं. त्यांनी गाणंही म्हटलं.

सरांना मी हे सगळं सांगितलं, चहासकट. नोकरी गेलीच, असं धरून चालले होते. त्यांनी आम्लेटची ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही दोघींनी एकमेकींशी न बोलता मला फसवलंत.” मी म्हणाले, “हो सर.” “आणि बोलत असता तर?” मी म्हणाले, “तर सर, वीज पडल्याचं तुम्हाला कळलंसुद्धा नसतं.” तेव्हा ते हसले. हसले म्हणजे काय, टेबलाला धरून हसले. मग आम्लेटचा अर्धा तुकडा मला दिला आणि म्हणाले, “नकाशा आण.”

गेले चार दिवस मी फरशीवर नकाशा पसरून बसलेय. आपण तीन कॉलेजांपासून सुरुवात केली, तेव्हा एक यादी पुरायची. आता अकरा आहेत, पुढच्या वर्षी अठरा. प्रत्येकानं प्रतीसाठी कंपालाच्याच दाराशी रांग लावायची म्हटलं, तर आमची तार गुदमरेल. म्हणून बदल लिहायचा एकाच ठिकाणी, पण आरुआनं आणि लिरानं प्रत गुलूकडून घ्यायची, सोरोटीनं म्बालेकडून. ज्या कॉलेजाची तार सारखी तुटते त्याला घरचीच प्रत, म्हणजे तार तुटली तरी आतल्या आत कामं चालतील. आणि कुठल्याही दोन मोठ्या प्रती एका छपराखाली नाहीत, एका विजेवर नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. तू त्या बैठकीत आणलेला नकाशाच मी पुन्हा काढलाय, फक्त नवीन गावं घातली. पहिल्या पानावर आराखडा करणारीचं नाव लामुनू असं टाकलंय आणि सरांनी त्याखाली सही केलीय.

आता त्या बैठकीबद्दल. तू आठ तास बसनं येऊन नकाशा मांडलास आणि समितीतला तो गृहस्थ म्हणाला, “उत्तरेत, त्या युद्धाच्या मुलखात मशीन ठेवायचं? उद्या तिथं जागेवर काय उरेल?” सगळे खाली बघायला लागले. सरांनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, “एका खोलीत असले की देखभाल सोपी पडते.” खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. वसतिगृहात तीन वर्षं तुझ्या आईनं पाठवलेलं तीळ-शेंगदाणे वाटून केलेलं ओडी मी डबा चाटूनपुसून खाल्लं. युद्धाच्या वर्षांत तुम्ही काय काय राखलंत, ते तुझ्या तोंडून ऐकलं. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून देखभाल निघाली. जिन्यात तू एवढंच म्हणालीस, “तू तिथंच बसली होतीस ना?” बसले होते. माझं चुकलं, लामुनू. मी तुझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं आणि मी घाबरले. यापुढं याला दुसरं काही नाव मी देणार नाही.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. माफी फोनवरही मागता आली असती. खरं कारण सांगते. नव्या आराखड्यात गुलूला दुसरं मुख्य केंद्र होतंय, आणि तिथं तुझ्या हाताखाली एक माणूस लागणार आहे. नीट वाच, तुझ्या हाताखाली. त्या जागेसाठी अर्ज एकच आला, आणि काल तो मंजूर झाला. पहिल्या डिसेंबरला मी दोन ट्रंका घेऊन तुमच्या बसस्थानकावर उतरतेय. सरांनी सरकारी निवासाचं विचारलं, तर मी थांबा म्हणाले, आधी एका ठिकाणी विचारते. तर विचारते: तुझ्या घरात एक खोली रिकामी आहे का? मी अजूनही घोरते, हे आधीच सांगून ठेवते. उत्तर लिहीत बसू नकोस, फोन कर. आणि या वेळी, तू “बोल” म्हणण्याआधीच मी बोलायला लागेन.

तुझीच,
केबिरुंगी