पिवळं गिळणारी काच

मंगळवार, चौदा तारीख

ठोंब्या,

आजीचा आशीर्वाद आधी घे, मग राग धर. मी बरी आहे. जेवण जात नाही, पण या वयात जेवून कुणाशी कुस्ती खेळायची आहे? आत्याने कळवलं की तू काचेचं काम सोडलंस आणि गोदामात खोकी उचलतोस. ज्योतीवर नळी वळवणारे हात खोक्यांना लावलेस, शाब्बास.

अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंतची शाळा, समजून वाच.

तू कपाटावर टाकून गेलास तो कामाचा चष्मा परवा हाती लागला. स्वयंपाक करताकरता पुसला आणि उजेडाला धरला, तेवढ्यात पातेल्यातलं मिठाचं पाणी उतू गेलं. गॅस भडक पिवळा झाला. काचेतून बघते तर ज्योत निळी, पिवळ्याचा पत्ता नाही. काच बाजूला केली, पिवळी. पुन्हा धरली, गेली. अर्धं पातेलं सांडलं तरी मी हाच खेळ खेळत उभी.

मग तुमच्या काचेच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकडे गेले. मी भांडायला आले असं वाटून तो बिचारा उठून उभाच राहिला. तो म्हणाला, तापल्या काचेतून मिठासारखाच पिवळा झगझगाट निघतो, त्यात काम करणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून चष्म्याची काच वितळवतानाच तिच्यात खाणीतली दुर्मिळ माती घालतात, दोन जातींची. ती काचेच्या अंगात मुरते, पुसून धुऊन जात नाही. दिवसा काच जांभळट दिसते, ट्यूबखाली निळसर. बाकी रंग सोडते आणि नेमकं ते पिवळं गिळते. मी म्हटलं, दुर्मिळ कसली, माती शेवटी सगळ्यांच्याच वाट्याला येते. तो हसला नाही.

"आणि माणसाच्या डोळ्यातलं पिवळं?" मी विचारलं.

त्याने हातातली नळी खाली ठेवली. "तेही फिकं पडणार, आजी. साधा चष्मा फुटल्यापासून घरीही हा कामाचाच लावायचा ना तुमचा नातू? नंबर केवढा जाड त्याचा. काढला असता तर बापाचं तोंडही दिसलं नसतं."

आत्याच्या बाळंतपणाला गेले होते मी तेव्हा. घरात तुम्ही दोघंच. तुझ्या बापाला ताप, आणि डॉक्टरकडे जायचं तर त्याच्या जिवावर यायचं. हट्टी होता, माझाच मुलगा. मी फोनवर विचारलं, डोळे पिवळे दिसतात का बघ. तू म्हणालास, "नाही आजी, चांगले गुलाबी आहेत." म्हणून मी तिकडेच राहिले. आले तेव्हा तो हळदीत बुडवून काढल्यासारखा होता आणि मला ओळखत नव्हता. त्याला स्मशानात पोचवून आलेल्या माणसांसमोर मी तुला खोटारडा म्हटलं. बापाकडे न बघताच सांगितलंस म्हटलं. तू चष्मा काढून ठेवलास आणि चाचपडत दाराबाहेर गेलास.

तू बघितलं होतंस. रोज बघत होतास. एवढंच लिहायला कागद घेतला होता. याच्यापुढचा शब्द माझ्या पेनातून उतरत नाही, तो तू आपला समजून घे.

आता दुसरं. अंगाला खाज सुटते आणि तोंड कडू आहे. शेजारीण बोलताबोलता माझ्याकडे बघून दोनदा गप्प झाली. आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आत्या म्हणते डॉक्टरला दाखव. दाखवीन, पण तू आल्यावर. साध्या काचेचा चष्मा करून घे आणि ये. उजेडात माझे डोळे बघ आणि काय दिसतं ते सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन.

दाराची कडी काढून बसलेली,
तुझी तोंडाळ आजी