दाराबाहेर बसायला

प्रिय चिमणे,

फोन न करता पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. आजी बरी आहे. कालच मला म्हणाली, "सूनबाई, त्या मोबाइलमधल्या मास्तरांना सांग, आमची भांडी पडलीत." दूरशिक्षण म्हणजे काय ते तिला नेमकं कळलंय. मास्तर दूर आणि घर मानगुटीवर! कारखान्यात मी कानात धडे लावून डबा खाते, तर शिलाईच्या बायका मला 'कॉलेजकुमारी' म्हणतात. म्हणू देत. पंचेचाळिशीत कोणी कुमारी म्हणतंय, हे काय थोडं आहे?

गेल्या वेळचा पेपर अवघड गेला असं तुला सांगितलं होतं. तो अवघड नव्हता गं. घरून परीक्षा देताना कॅमेऱ्यासमोरून उठलं की पेपर रद्द. खोलीत दुसरं कोणी दिसलं तरी रद्द. दार लावून बसले होते. आजीने हाका मारल्या, मी लिहीत राहिले. तिने दार ठोठावलं, तरी लिहीत राहिले. मग काहीतरी धपकन पडलं आणि ती एकदम गप्प झाली. हाका सोसता येतात, ते गप्प होणं सोसेना. उठले. बाहेर जाऊन बघते तर पडली होती नुसती गादीची गुंडाळी. आजी खुर्चीत बसून विचारत होती, "झाला का अभ्यास?"

येत्या रविवारी सकाळी पुन्हा तोच पेपर. ही शेवटची संधी, हुकली तर आधीचे सगळे पेपरही वाया. बाबांनी ड्यूटी बदलून मागितली, मिळाली नाही. शेजारच्या काकू बसायला तयार आहेत, पण आजी आता त्यांना ओळखत नाही, बघितलं की घर डोक्यावर घेते. तुला मात्र ती अजून ओळखते.

दहावीला तू दार लावून अभ्यास करायचीस आणि मी बाहेर भाजी निवडत बसायचे. आल्यागेल्याला तोंडावर बोट ठेवून परत धाडायचे. तेव्हा मनात यायचं, त्या दाराच्या आत बसून कसं वाटत असेल?

त्याच रविवारी तुझी मैत्रिणींबरोबर सहल आहे, ठाऊक आहे मला. फोनवर विचारलं असतं तर तू पटकन "येते गं" म्हणाली असतीस. पत्राला नाही म्हणता येतं, म्हणून पत्र. पण आलीस, तर दाराबाहेर बस. आजीने हाक मारली की ओ दे. काही पडलं तर तू बघ, मला उठवू नकोस. उंबऱ्याशी तुझ्या चपला दिसल्या की मी दार लावीन.

तुझीच,
आई