बाबा, दगडाच्या जोडीला फाळ चालेल का?

तीर्थरूप बाबा,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. कुठे चुकत असेन तर तुम्हीच सांगू शकाल.

१. होळीनंतर, भर दुपारी, पश्चिमेकडून वादळ आलं. सोबत गारा होत्या.
२. तुमचा डोंगा तळ्याच्या मधल्या खोल भागात उभा होता. नांगर म्हणून जात्याचा दगड दोराने खाली सोडलेला होता.
३. दगड सरकला. डोंगा वाऱ्याबरोबर बांधाकडे गेला.
४. तुम्हांला पोहता येत होतं. पण डोंगा आणि बांधाचे दगड यांच्यामध्ये तुम्ही सापडलात.
५. मी नागपूरहून जऊळक्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा राखही सावडून झाली होती.
६. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला.

सहावी गोष्ट घडली नसती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला पटत नाही, हे तुम्ही जाणता. पण अक्षय्य तृतीया आली आहे. त्या दिवशी किसनभाऊ तुमचा डोंगा पुन्हा पाण्यात लोटणार आहे, आणि नांगर म्हणून तोच दगड नेणार आहे. मी सगळ्यांना सांगून पाहिलं. आता तुम्हीच उरलात.

दहाव्याची हकीकत तुम्हांला माहीत असेल का? तळ्याकाठच्या हिवराच्या झाडाखाली पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून बसलो. कावळे होते, पण एकही खाली येईना. माय पदर तोंडाशी धरून बसली होती. म्हादूकाका हात जोडून एकेक वचन देत होते. "दादा, वहिनीले अंतर देनार नाई." कावळा आला नाही. "किसनाले एकटं सोडनार नाई." आला नाही. शेवटी काका रडकुंडीला येऊन ओरडले, "दादा, तुया डोंग्याले तुयाच दगड राहीन! दुसरं काई लावनार नाई!"

आणि कावळा उतरला!

"पाह्यलं?" काका सगळ्यांकडे वळून म्हणाले. "जीव दगडात अडकला होता दादाचा."

मी त्या वेळी खाली पाहत नव्हते, वर पाहत होते. हिवराच्या शेंड्यावर घार बसली होती. काकांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच ती उडाली. घार असेपर्यंत कावळे उतरत नव्हते, ती गेल्यावर उतरले. यात दगडाचा काय संबंध?

हे मी फक्त मायला सांगितलं. ती चुलीत काटकी सारत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग घार कोनं उडवली?"

 

तो दगड म्हणजे मायच्या फुटलेल्या जात्याची वरची तळी. मधल्या भोकात दोर आयता बसतो म्हणून तुम्ही ती उचललीत. माय कित्येक दिवस कुरकुरत होती, "दाने दयता दयता हात गेले माये, न् हा जातं बुडवून राह्यला!" तुम्ही म्हणायचात, "आता थे पानी दयते." आम्ही सगळे हसायचो. तुमच्या थट्टेपुढे कोणाचं काही चालत नसे.

पण तुमचा दोर आखूड होता! पाणी दोन पुरुष खोल, तर दोरही जेमतेम तेवढाच. का? डोंगा इकडेतिकडे फिरू नये, जाळ्याच्या जागेवरच राहावा म्हणून ना? शांत पाण्यात ते बरोबर आहे. वारा सुटला की आखूड दोर दगडाला वर उचलतो. मग दगड धरत नाही, नुसता उड्या मारत मागे येतो. लांब दोर तळाशी आडवा पडतो आणि ओढ आडवी राहते. एवढं एकच मला तुम्हांला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही नाही.

तुम्ही मला डोंग्यात कधी बसवलंच नाही. "पोरीच्या जातीनं डोंग्यात पाय टाकू नाई," म्हणायचात. वाशीमच्या शाळेत घालताना तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत. लढाईमुळे माणसं कमी पडली आणि नागपूरला मुलींनाही नकाशे काढायला शिकवू लागले, तेव्हा अख्खी भोईआळी नको म्हणत असताना तुम्ही मला गाडीत बसवून दिलंत. मग डोंग्यापुरतंच लोकांचं का ऐकलंत? पोहायलाही शिकवलं नाहीत. याचा राग आहे. तो या पत्रात लिहायचा नव्हता, पण लिहिला गेला.

मी पहिल्यांदा घरी आणलेला पुलाचा नकाशा आठवतो? तुम्ही तो उलटा धरला होता. मी सरळ करून दिला आणि म्हणाले, ही नदी, वरून पाहिलेली. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, "वरून पाह्यलं तं मानूस दिसतच नाई का वं?"

आता मी आपल्या तळ्याचा नकाशा काढला आहे. बांबूने खोली मोजली. कडेला पाणी छातीभर, मध्ये दोन पुरुष. वर हातभर मऊ काळा गाळ, त्याखाली घट्ट चिकणमाती. मधल्या भागात जुन्या बाभळींची खोडं अजून बुडालेली आहेत. तुमच्या डोंग्याची जागा मी टिंबाने दाखवली आहे. वरून माणूस दिसत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात म्हणून.

मग एकेक नांगर लावून पाहिला. मला बसायला बंदी, म्हणून किसनभाऊ डोंग्यात आणि मी बांधावर.

दगड एकट्याने ओढला तरी आला. कडेच्या उथळ गाळात म्हैस लोळत गेल्यासारखी रेघ पडली. चार आकड्यांचा लोखंडी गळ लावला, तर तो पहिल्याच ओढीला बाभळीच्या खोडात रुतला. भाऊने दोनदा बुडी मारली, दोर कापला, तो गळ अजून तिथेच आहे. वादळात दोर कापायची वेळ आली तर? कडेच्या उथळ पाण्यात बांबूचा खुंटा सगळ्यांत चांगला. मात्र डोंगा त्याला नाकाकडूनच बांधायचा, दोन्ही टोकांनी नाही, म्हणजे तो आपोआप वाऱ्याकडे तोंड करतो. पण मधल्या खोल पाण्यात खुंटा पुरत नाही, आणि मासळी तिथेच आहे.

म्हणून मी इथे जवळ मालेगावला लोहाराकडे गेले. करीमचाचा, तुमच्याकडून नेहमी मरळ घ्यायचे ते. मी आकृती पुढे ठेवली. शेतातल्या नांगराचा जुना फाळ, त्याला दांडा, दांड्याला कडी, आणि फाळ उलटा पडू नये म्हणून आडवी काठी.

"पानी में क्या बोएगी बेटी?" चाचा म्हणाले. "शिंगाडे? वो तो बगैर फाळ के उगते."

मी सांगितलं कशासाठी ते. मग ते हसले नाहीत. भाता चालवता चालवता म्हणाले, "तेरा बाप मछली तौलता तो पल्ला हमेशा मेरी तरफ झुकता था." फाळ त्यांनी त्याच दिवशी करून दिला.

फाळ गाळ कापून खालच्या चिकणमातीत शिरतो. दोर पाण्याच्या खोलीच्या सातपट घेतला. आणि फाळाच्या थोडं अलीकडे, त्याच दोराला, तुमचा दगड बांधला. दगडाच्या वजनाने दोर तळाला चिकटून राहतो आणि फाळ वर उचलला जात नाही. बांधावरून दोघांनी ओढलं. हलला नाही. बैलजोडी लावली, तेव्हा कुठे सरकला. बैलवाला पाटलाचा गडी हसत होता, "भोयाची पोरगी तयात नांगरट करून राह्यली रे!" हसू दे. काढायच्या वेळी डोंगा बरोबर त्याच्यावर नेला आणि सरळ वर खेचला की तो निमूट सुटतो, कारण त्याला आकडे नाहीत.

तुमचा दगड मी टाकला नाही, बाबा. त्याच्यावाचून हे नीट चालतच नाही. हे मी काकांना समजावलं, आकृती काढून दाखवली.

काकांनी ती नीट पाहिली. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "नागपुरी मडम, तुयं डोकं चालते, मले कबूल हाये. पन म्या कावळ्यापुढं काय म्हनलो? दुसरं काई लावनार नाई. फाळ म्हंजे दुसरंच झालं ना? दादा तिकडं तळमळीन, त्याचं काय करू?"

"आणि किसनभाऊ इकडे बुडला तर?"

काका उठून गेले. त्यांचे डोळे भरले होते. मग मी कोणावर चिडू?

भाऊला विचारलं, तू काय म्हणतोस. तो डोंग्याच्या फळीला डांबर लावत होता. म्हणाला, "मले दोहीकून भेव वाटते, गोदे. वाऱ्याचंबी न् बाबाचंबी."

त्याला तुमचं भय वाटतं! तुम्ही आयुष्यात त्याला एक चापट मारली नाहीत. वैशाखातली वादळं तोंडावर आहेत. माझ्याकडे मापं आहेत, आकृती आहे, हातात फाळ आहे, आणि एका कावळ्यापुढे हे सगळं कमी पडतं. मी आता कोणाकडे जाऊ?

शेवटी मायनेच तोडगा काढला. तृतीयेला पितरांची पत्रावळ छपरावर ठेवायची. काकांनी मोठ्याने विचारायचं, दगडासोबत फाळ चालेल का? कावळा शिवला तर चालेल. नाही शिवला, तर नुसता दगड. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

"ज्यानं सांगतलं त्यालेच इचारू ना," माय म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, "तू लिहून इचार. तुले बोलता येत नाई, लिहिता येते."

ते खरं आहे.

कावळे आपल्या छपरावर कधी येतात, कशाने बिचकतात, हे मी पाहून ठेवलं आहे. मनात आणलं तर उत्तर हवं तसं आणू शकेन. ते मी करणार नाही. मायला तुमचं उत्तर हवं आहे, माझं नाही. आणि लिहिताना लाज वाटते, पण मलाही तुमचंच हवं आहे.

तुम्हांला एक वचन देते. कावळा शिवला तर फाळाला दोर मी स्वतः बांधीन आणि नागपूरला परत जाईन. नाही शिवला, तर दिल्या शब्दाप्रमाणे नुसता दगडच जाईल, मी वाद घालणार नाही. पण डोंगा लोटायच्या आधी मी त्यात जाऊन बसेन. भाऊ जिथे जाईल तिथे मीही. मला पोहता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मला उचलून बाहेर काढेल असं तुमच्यामागे घरात कोणी नाही.

डोंगा तृतीयेला दुपारी पाण्यात जाणार आहे. कृपा करून त्याच दिवशी, सूर्य डोक्यावर येण्याआधी उत्तर द्यावं.

तुमची,
गोदा